पहिला असेंबल्ड पीसी: मदरबोर्ड कसा निवडायचा, कसा बसवायचा

रॅमची पट्टी बदलायला दोन मिनिटं लागतात. ग्राफिक कार्ड काढून दुसरं लावायला दहा मिनिटं, एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) बदलायला फार तर अर्धा तास. मदरबोर्ड म्हणजे हे सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी; तो बदलायचा म्हटला की मात्र सगळा संसार बाहेर काढावा लागतो: कूलर, प्रोसेसर, रॅम, एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) आणि झाडून सगळ्या वायरी. वर विंडोजचं ॲक्टिव्हेशनही पुन्हा मागे लागू शकतं, कारण बऱ्याच लायसन्सची गाठ बोर्डाशी बांधलेली असते. तरी पहिला पीसी जोडणारी मुलं प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डावर पंधरा पंधरा दिवस खल करतात आणि बोर्डाच्या रकान्यात दुकानदार सांगेल ते लिहून मोकळी होतात.

मी नाशिकमध्ये अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. रविवारी नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे पीसी जोडून देतो. पैसे घेत नाही, मिसळ घेतो. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं माझ्याच चुकांमधून आलेलं आहे.

आधी कागदावर

प्रोसेसर पहिला ठरवा, कारण बोर्ड त्याच्या सॉकेटचाच (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) लागतो. इथे जुळवाजुळव चालत नाही. इंटेलची १२वी, १३वी आणि १४वी पिढी एलजीए१७०० सॉकेटमध्ये बसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेले कोअर अल्ट्रा २०० मालिकेचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए१८५१ मध्ये. एएमडीकडे रायझन ५००० मालिकेपर्यंतचा माल एएम४ मध्ये आणि ७०००, ८०००, ९००० मालिकांचा माल एएम५ मध्ये.

यातलं घ्यायचं कोणतं? तीन-चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलून पीसी ताजा करायचा विचार असेल, तर मी एएम५ सांगतो. एएमडीनं या सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ असं जाहीर केलं आहे, आणि एएम४ च्या बाबतीत त्यांनी शब्द पाळला होता: २०१७ साली घेतलेल्या कित्येक बोर्डांवर पुढे बायोस (बोर्डाला चालू करणारं त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून ५००० मालिकेचा प्रोसेसर चढला. एलजीए१७०० चा रस्ता १४व्या पिढीशी संपतो. पण ज्याला पाच वर्षं काही बदलायचंच नाही, घरचं काम, टॅली, कॉलेजचं प्रोग्रॅमिंग एवढंच करायचं आहे, त्याला तो रस्ता संपला काय नि न संपला काय. त्यानं स्वस्त मिळतंय ते घ्यावं.

सॉकेटपाठोपाठ रॅमचा प्रश्न. एएम५ आणि एलजीए१८५१ बोर्डांवर फक्त डीडीआर५, म्हणजे रॅमची नवी पिढी, चालते. एलजीए१७०० चे बोर्ड डीडीआर५ आणि तिच्या आधीची डीडीआर४ अशा दोन्ही प्रकारांत येतात, पण एका बोर्डावर सहसा एकच प्रकार. दोन्ही पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये कितीही दाबली तरी बसणार नाही. आणि कितीही दाबूही नका. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे काही चढले आहेत की घरात जुन्या मशीनची डीडीआर४ पडून असेल, तर तिच्यासाठी डीडीआर४ चा बोर्ड शोधणं हा कंजूषपणा राहिलेला नाही.

आता चिपसेट, म्हणजे बोर्डावर काय काय चालणार ते ठरवणारी चिप. बोर्डाच्या नावातलं ते अक्षर आणि आकडा तिचाच. इंटेलमध्ये एच६१० हा सगळ्यात खालचा. रॅमचे दोन स्लॉट, बहुतेक बोर्डांवर एसएसडीसाठी एकच एम.२ जागा, आणि रॅम ठरलेल्या वेगापलीकडे पळवता येत नाही. बी७६० वर रॅम पळवता येते, प्रोसेसर नाही. झेड७९० वर दोन्ही, पण त्याचा उपयोग नावात 'के' असलेला प्रोसेसर घेतला तरच. एएमडीत ए६२० वर प्रोसेसर पळवता येत नाही, बी६५० वर रॅम आणि प्रोसेसर दोन्ही पळवता येतात. दहातल्या आठ जणांचं काम बी अक्षरावर भागतं. एक्स (एएमडीचे वरचे बोर्ड) आणि झेडच्या वाटेला जायचं तर का जायचं, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. 'भारी आहे' हे ते वाक्य नव्हे.

आकारावर फार वेळ घालवू नका. एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बसतो, उलटं होत नाही. पहिल्यांदाच जोडत असाल तर मायक्रो एटीएक्स घ्या. मिनी आयटीएक्स दिसायला गोंडस, पण त्यात वायर ओवताना बोटं सोलून निघतात.

खरा विचार करायचा तो भोकांचा. कागद घ्या आणि पुढच्या तीन वर्षांत या मशीनला काय काय जोडणार ते लिहा. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, वेबकॅम, बाहेरची हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह: मागच्या बाजूला यूएसबीची किती भोकं लागतात? एम.२ च्या जागा किती? साटाच्या, म्हणजे वेगळ्या वायरीनं बोर्डाला जोडायच्या, जुन्या हार्ड डिस्क किती? इंटरनेटची केबल टेबलापर्यंत येते का, की राउटर हॉलमध्ये आणि तुम्ही मागच्या खोलीत? तसं असेल तर वायफाय असलेलाच बोर्ड घ्या, नंतर यूएसबीचा डोंगल लावून रडत बसू नका.

नाशिकरोडला माझा एक मित्र लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ करतो. त्यानं पहिल्या वर्षी हट्टानं एच६१० चा बोर्ड घेतला, दोन-तीन हजार वाचवले. लग्नसराई संपेपर्यंत एकुलती एक एसएसडी भरली, रॅमचे दोन्ही स्लॉट आधीच भरलेले, साटाची जागा जुन्या डिस्कांनी अडवलेली. पुढच्या दिवाळीत बोर्ड बदलला, म्हणजे एका बोर्डाऐवजी दोन बोर्डांचे पैसे गेले. त्याला रॅमचे चार स्लॉट आणि एम.२ च्या दोन जागा असलेला बी७६० सुरुवातीलाच परवडला असता. आणखी एक खोच इथेच सांगून टाकतो: काही बोर्डांवर दुसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी लावली की साटाची एक-दोन भोकं आपोआप बंद होतात. खोक्यावर हे लिहिलेलं नसतं. कंपनीच्या साइटवर बोर्डाचं मॅन्युअल फुकट मिळतं, त्यात स्टोरेजचं पान बघा. विकत घ्यायच्या आधी, नंतर नव्हे.

मग येतो व्हीआरएम, ज्याच्याकडे नाशिकमध्ये तरी लक्ष द्यायलाच हवं. एसएमपीएसकडून येते १२ व्होल्टची वीज. प्रोसेसरला लागते साधारण सव्वा व्होल्टच्या आसपास. ही उतरंड करणारे भाग सॉकेटच्या कडेनं बसवलेले असतात, तेच व्हीआरएम. काम करताना ते तापतात. बऱ्या बोर्डावर त्यांच्यावर ॲल्युमिनियमचे ठोकळे असतात, स्वस्तातल्या बोर्डावर ते उघडेच. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि सिडकोतल्या वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, दुपारी तीन वाजता खोली भट्टी झालेली असते. अशा खोलीत उघड्या व्हीआरएमवर आय७ किंवा आय९ बसवला की थोड्या वेळात व्हीआरएम तापतो आणि प्रोसेसरचा वेग उतरतो. मुलगा म्हणतो गेम अडकतोय, आई म्हणते व्हायरस आला. आय३, आय५ किंवा रायझन ५ साठी साधा पण ठोकळेवाला बोर्ड पुरतो. त्याच्या वरचं काही घेतलंत तर बोर्डही वरचा घ्या. माझा ठोकताळा असा की बोर्डाची किंमत प्रोसेसरच्या किमतीच्या निम्म्यापेक्षा फार खाली नसावी आणि प्रोसेसरच्या वर तर कधीच नसावी.

रंगीत दिव्यांबद्दल विचारू नका. ते कॅबिनेटच्या पंख्यांमध्येही मिळतात आणि स्वस्त मिळतात.

शेवटचं, पण नवख्यासाठी मोलाचं: मागे बायोस फ्लॅशचं बटण आहे का ते बघा. वेगवेगळ्या कंपन्या त्याला वेगवेगळं नाव देतात, काम एकच. ६०० मालिकेचा इंटेल बोर्ड दुकानात जुना पडून असेल, तर १३वी-१४वी पिढी तो ओळखणार नाही. एएम४ च्या जुन्या बी४५० बोर्डावर रायझन ५००० चं तेच. हे बटण असेल तर प्रोसेसर न लावताही फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट होतं. नसेल तर दुकानदाराकडूनच अपडेट करून घ्या आणि तसं बिलावर लिहून मागा.

दुकानात

कॅनडा कॉर्नर, शरणपूर रोड, कॉलेज रोड या पट्ट्यात फिरलात तर भाव कळतात. ऑनलाइन भाव मोबाइलवर उघडा ठेवून विचारा, पण घासाघीस करताना एक लक्षात असू द्या: शंभर-दोनशेसाठी ओळखीचा दुकानदार तोडू नका. बोर्ड बिघडला तर कुरियरच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा स्कूटरवर टाकून दुकानात नेणं सोपं. काही जण पंचवटी एक्सप्रेस पकडून दादरला उतरतात आणि लोकलनं ग्रँट रोडला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून माल आणतात. हौस म्हणून जाच. पण वॉरंटीसाठी हीच यात्रा पुन्हा करावी लागली की वाचलेले पैसे तिकिटात आणि वडापावात जातात.

पक्कं बिल घ्या. बोर्डावर १८ टक्के जीएसटी असतो आणि 'बिल नको असेल तर कमी करतो' हे वाक्य ऐकायला येईलच. तो बोर्ड घेऊ नका. नामांकित कंपन्यांच्या बोर्डांवर आपल्याकडे साधारण तीन वर्षांची वॉरंटी मिळते आणि ती बिलावरच्या सिरियल नंबरावर चालते. खोक्यावरचा, बोर्डावरच्या स्टिकरवरचा आणि बिलावरचा, तिन्ही नंबर काउंटरवरच जुळवा.

आणि काउंटरवरच सॉकेट उघडून बघा. एलजीए सॉकेटमध्ये केसासारख्या हजाराच्या वर पिना असतात, एएम५ मध्ये १७१८. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की त्या सगळ्या एकसारख्या चमकल्या पाहिजेत, शेतातल्या कांद्याच्या वाफ्यांसारख्या ओळीत. एखादी ओळ मध्येच मोडलेली दिसली तर तो बोर्ड परत. फोटो काढून ठेवा. वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही आणि 'ती आधीपासून वाकलेली होती' हे नंतर कुणी ऐकत नाही. मी एकदा सॉकेट न बघता बोर्ड घरी आणला. दुसऱ्या दिवशी दोन पिना वाकलेल्या दिसल्या. माझ्याकडून वाकल्या की आधीच्या, हे आजही मला माहीत नाही. दुकानदारानं हात वर केले आणि त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. ऑनलाइन मागवलात तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, मध्ये न तोडता.

टेबलावर बसण्याआधी

अवजार एकच: दोन नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, टोकाला चुंबक असलेला. टापारियाचा घ्या, कारखाना आपल्या सातपूरलाच आहे. एम.२ च्या बारीक स्क्रूसाठी एक छोटा असला तर बरं. एक वाटी स्क्रूंसाठी. पाहुण्यांची लहान मुलं दुसऱ्या खोलीत.

दोन गोष्टींवर मात्र थांबायला हवं. पहिली, अर्थिंग. पंचवटीतल्या, जुन्या नाशिकमधल्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. ओळखायची खूण: पीसी चालू असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसमध्ये विजेतली घाण गाळणारे कपॅसिटर असतात. अर्थिंग असलं तर त्यांतून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसलं तर तो पत्र्यावरच थांबतो आणि तुमची वाट बघतो. अशा घरात आधी वायरमन बोलवा, मग पीसी जोडा.

दुसरी, अंगावरची स्थिर वीज. पावसाळ्यात हवेत ओल असते, तेव्हा तिचा त्रास कमी. डिसेंबर-जानेवारीत, निफाडकडे पारा एक आकड्यावर येतो आणि बागाईतदार द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात त्या दिवसांत, हवा कोरडी होते. स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तीच ही वीज. तुम्हाला जाणवणारही नाही एवढ्या झटक्यानं चिप मरू शकते. लोकरी आणि नायलॉनचे कपडे नकोत, गालिच्यावर बसू नका. एसएमपीएसची पिन अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावा, सॉकेटचं बटण बंद ठेवा, आणि बोर्ड उचलण्याआधी दर वेळी एसएमपीएसच्या उघड्या पत्र्याला हात लावा. मनगटाचा पट्टा मिळाला तर उत्तमच.

पायरी १: प्रोसेसर

बोर्ड ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आला त्याच खोक्यावर ठेवा. चंदेरी पिशवीवर ठेवून चालू करू नका, तिची बाहेरची बाजू वीज वाहून नेऊ शकते.

सॉकेटची दांडी खाली दाबून बाजूला सरकवा आणि उचला. पत्र्याची चौकट उघडा. वरची काळी प्लॅस्टिकची टोपी आत्ता काढू नका. प्रोसेसर कडेला धरा. त्याच्या एका कोपऱ्यात छोटा सोनेरी त्रिकोण असतो, सॉकेटच्या एका कोपऱ्यातही तशीच खूण असते. दोन्ही एका बाजूला आणून प्रोसेसर सरळ खाली ठेवा. ठेवा म्हणजे ठेवा, दाबायचा नाही, सरकवायचा नाही. नीट बसला की बोटानं हलकेच चाचपल्यावर डगमगत नाही. मग चौकट लावा आणि दांडी खाली घ्या. आता जोर लागेल, कर्रर्र असा आवाज येईल, पहिल्यांदा करणाऱ्याचा चेहरा पांढरा पडेल. तो आवाज बरोबर आहे. काळी टोपी आपोआप उडते, ती खिशात घाला.

एएम४ चं उलटं आहे: पिना प्रोसेसरला असतात. दांडी उभी केली की तो आपल्या वजनानं आत उतरतो. उतरला नाही तर उचलून पिना बघा.

पायरी २: रॅम आणि एसएसडी

दोन पट्ट्या असतील आणि चार स्लॉट, तर सॉकेटपासून मोजून दुसरा आणि चौथा. शेजारी-शेजारी लावल्या तर एकच चॅनल (प्रोसेसर आणि रॅममधला रस्ता) चालतो आणि अर्धा वेग वाया जातो. बहुतेक नवखे इथेच चुकतात, कारण पहिला स्लॉट आधी भरावा असं मनाला वाटतं. खाच जुळवा आणि दोन्ही टोकांना अंगठ्यानं दाबा. 'टक्' असा आवाज येऊन कडी मिटली पाहिजे.

एम.२ एसएसडी, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब पट्टी, तीस अंशांच्या तिरक्या कोनात घालायची, मग खाली दाबून स्क्रू लावायचा. सॉकेटच्या सगळ्यात जवळची जागा सहसा सगळ्यात वेगवान. वरच्या ठोकळ्याखाली निळी-पांढरी पट्टी असते, तिच्यावरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायला विसरू नका. माझ्या हातून एक मशीन वर्षभर त्या पापुद्र्यासकट चाललं.

पायरी ३: कूलर

प्रोसेसरबरोबर आलेल्या कूलरला तळाशी उष्णता वाहून नेणारी राखाडी पेस्ट आधीच लावलेली असते. वर आणखी घालू नका. वेगळा कूलर असेल तर मध्यभागी मटाराच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. आपल्याकडे लोक तूप वाढल्यासारखी वाढतात.

इंटेलच्या साध्या कूलरला चार खुंट्या असतात. कर्णाच्या कर्णाला दाबा: एक, मग तिच्या समोरची, मग उरलेल्या दोन. प्रत्येकीचा 'टक्' ऐका. झाल्यावर बोर्ड उचलून मागून बघा, चारही भोकांतून खुंटीचं टोक बाहेर आलेलं हवं. तीन आली आणि एक नाही असं फार वेळा होतं आणि मग मशीन तापून बंद पडतं. एएमडीचा स्क्रूवाला छोटा कूलर असेल तर बोर्डावरचे प्लॅस्टिकचे दोन कंस आधी काढावे लागतात. एएम४ वर ते काढले की मागची लोखंडी पाटी खाली पडते, ती हातानं धरून ठेवा. एएम५ वर पडत नाही.

पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' छापलेल्या जागीच.

पायरी ४: कॅबिनेटबाहेर चालू करून बघा

ही पायरी बहुतेक व्हिडिओंत वगळतात. मी ती कधीच वगळत नाही. बोर्ड खोक्यावर असतानाच एसएमपीएसची २४ पिनांची मोठी वायर आणि प्रोसेसरची ८ पिनांची वायर लावा. ग्राफिक कार्डालाही ८ पिनांची वायर असते, पण ती ६ आणि २ अशी फुटते. प्रोसेसरची ४ आणि ४ अशी फुटते. चुकीची वायर बसायला नकार देते, तिच्याशी भांडू नका.

प्रोसेसरमध्ये ग्राफिक (मॉनिटरला चित्र देणारा भाग) नसेल तर कार्डही लावावं लागेल. इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असेल तर ग्राफिक नाही. मॉनिटर जोडा, आता एसएमपीएस चालू करा. बोर्डाच्या खालच्या कडेला पॉवर स्विचच्या दोन पिना असतात, मॅन्युअलमध्ये त्यांची जागा दाखवलेली असते. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं त्या दोन्ही क्षणभर एकत्र टेकवा. शॉक बसत नाही, तिथे अगदी कमी व्होल्टेज असतं. पंखे फिरतील.

मग थांबा. नव्या एएम५ बोर्डावर पहिल्यांदा चालू करताना रॅमची ओळख करून घ्यायला काही मिनिटं जातात आणि पडदा काळाच राहतो. घाबरून बटण दाबू नका. चहा टाका. बायोसचा पडदा आला, रॅम पूर्ण दिसली, एसएसडी दिसली की बंद करा. पुढे काही अडलं तर गडबड कॅबिनेटमध्ये आहे, बोर्डात नाही, हे आता ठाऊक झालं.

पायरी ५: कॅबिनेटमध्ये

मागच्या भोकांची पत्र्याची पट्टी वेगळी आली असेल तर ती सगळ्यात आधी. बोर्ड बसवल्यावर ती आठवते आणि नऊ स्क्रू पुन्हा काढावे लागतात.

कॅबिनेटच्या पत्र्यावरचे, बोर्ड ज्यांवर टेकतो ते पितळी पाय मोजा. बोर्डाला जिथे भोक आहे तिथेच पाय हवा. जिथे भोक नाही तिथे राहिलेला पाय बोर्डाला खालून टेकतो आणि शॉर्ट करतो. मी केलेली पहिली चूक हीच होती, २०११ साली, आणि तो बोर्ड वासानंच मेला. बोर्ड तिरका आत घ्या, भोकं मागच्या पट्टीत बसवा, मग पायांवर टेकवा. सगळे स्क्रू अर्धे लावून घ्या, नंतर कर्णाकर्णानं आवळा. दोन बोटांच्या जोरानं, रिक्षाच्या चाकाचे नट आवळल्यासारखे नाही.

प्रोसेसरची ८ पिनांची वायर वरच्या कोपऱ्यातून आधी ओवा, नंतर तिथे बोट जात नाही. कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी ३ ची जाड वायर सरळ दाबा, तिच्या सॉकेटमधल्या पिना चुटकीसरशी वाकतात. मग त्या कुप्रसिद्ध बारीक वायरी: पॉवर स्विच, रीसेट, दोन दिवे. स्विचला उलटसुलट चालतं. दिव्यांना नाही. रंगीत वायर अधिक, काळी किंवा पांढरी उणे. उलटी लागली तर दिवा पेटत नाही इतकंच, जळत काही नाही. नऊ पिनांची मांडणी मॅन्युअलमध्ये चित्रासकट असते, त्या पानाचा फोटो काढून मोबाइल शेजारी ठेवा, कारण वाकून पुस्तक वाचताना मान अवघडते.

कार्डांच्या रिकाम्या जागांच्या मागच्या पत्र्याच्या पट्ट्या फेकू नका, लावा. आमच्या शेजारच्या मशीनमध्ये त्या उघड्या भोकातून पाल शिरली होती. पुढचं सांगत नाही.

पायरी ६: बायोस

चालू झाल्यावर तीन गोष्टी बदला. रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारं सेटिंग, म्हणजे इंटेलवर एक्सएमपी, एएमडीवर एक्स्पो, चालू करा, नाहीतर ६००० चे पैसे दिलेली रॅम ४८०० वर चालत राहते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन सेटिंगं लागतात. बहुतेक नव्या बोर्डांवर टीपीएम चालूच असतो, इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीत एफटीपीएम या नावानं दिसतो. आणि तारीख-वेळ बरोबर आहे ना बघा. दोन-चार वर्षांनी वेळ मागे पडायला लागली तर बोर्डावरचा नाण्यासारखा सेल बदला, सीआर२०३२, घड्याळवाल्याकडे मिळतो.

बायोस अपडेट करायचं असेल तर यूपीएसवर करा. पहिल्या वळवाच्या रात्री तर करूच नका. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड मुका होऊ शकतो.

डिस्प्ले आला नाही तर

मागच्या महिन्यात रात्री अकराला भाच्याचा फोन. 'मामा, पंखे फिरतायत, दिवे लागलेत, डिस्प्ले येत नाही.' मी म्हटलं, 'बोर्डावर कुठला दिवा लागलाय?' बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक, बूट. जिथे अडलं तिथला दिवा पेटून राहतो. रॅमचा असेल तर पट्ट्या काढून एकच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघायची. प्रोसेसरचा असेल तर ८ पिनांची वायर आधी तपासायची, ती विसरलेली असते. काहीच कळलं नाही तर भिंतीतली पिन काढून, सेल पाच मिनिटं बाहेर ठेवून बायोस मूळ स्थितीत आणायचं.

'मामा, एकही दिवा नाही. सगळं ठीक दिसतंय.'

'प्रोसेसर कुठला घेतलास?'

'१२४००एफ.'

'आणि मॉनिटरची केबल?'

पलीकडे शांतता. मग कार्डाला केबल लावल्याचा आवाज. त्यानं ती बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये लावली होती, जिथे त्या प्रोसेसरकडून काहीच येत नाही.

खिशातली ती काळी टोपी आता बाहेर काढा आणि बोर्डाच्या रिकाम्या खोक्यात ठेवा. उरलेले स्क्रू, वायफायचे अँटेना, साटाच्या वायरी आणि बिलाची झेरॉक्सही त्यातच, कारण बिलाची शाई वर्षभरात उडते. वॉरंटीला बोर्ड द्यायची वेळ आली तर सॉकेटवर टोपी लावूनच तो द्यावा लागतो. खोकं माळ्यावर ठेवा आणि रद्दीवाला येतो त्या दिवशी घरच्यांना आधी सांगून ठेवा.